एबीएसचा दिवा आणि ‘रिले’चा कोड: पूर्ण मॉड्यूल बदलण्याआधी काय काय तपासायचं

मीटरवर पिवळा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागून राहतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, स्क्रीनवर ‘व्हॉल्व्ह रिले सर्किट’ किंवा ‘पंप मोटर सर्किट’ असं काहीतरी उमटतं, आणि गाडी रॅम्पवरून खाली यायच्या आत तुमच्या हातात अख्ख्या एबीएस मॉड्यूलचं, म्हणजे ती यंत्रणा चालवणाऱ्या युनिटचं, कोटेशन पडतं. आकडा बघून माणूस आधी पाणी मागतो. हा लेख त्या कोटेशनवर सही करण्याआधीच्या दोन-तीन तासांसाठी आहे.

मी पेशाने ऑटो इलेक्ट्रिशियन नाही. माझ्या गाडीला पूर्ण युनिट सांगितलं होतं आणि दोष निघाला बॅटरीच्या ट्रेखालच्या गंजलेल्या अर्थमध्ये (अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडते तिथे). त्यानंतर कॉलनीतल्या, नात्यातल्या गाड्यांवर हीच तपासणी करत गेलो आणि एक क्रम बसला, तोच इथे देतोय. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कोडमध्ये रिलेचं (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) नाव आलं म्हणजे रिलेच गेला असं होत नाही. मॉड्यूलला ठरलेल्या ठिकाणी ठरलेलं व्होल्टेज मिळालं नाही, एवढंच तो कोड सांगतो. बॅटरीपासून तिथपर्यंत फ्यूज, केबल, कपलर (वायरी जोडणारा प्लग), रिले आणि अर्थ असे पाच गुन्हेगार असू शकतात. रिले त्यातला एक.

१. आधी दिवे वाचा

नुसता पिवळा एबीएस दिवा असेल तर साधे ब्रेक चालू असतात. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात, म्हणजे गाडी एबीएस नसलेल्या जुन्या गाडीसारखी वागते. सावकाश, अंतर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. पण तशा गाडीने पावसात कसारा घाट किंवा सप्तशृंगीचा घाट करायला जाऊ नका.

पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक खाली असेल, तर गाडी जागची हलवू नका. आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. ऑइल पुरेसं असूनही दोन्ही दिवे लागलेले असतील तर बहुतेक वेळा ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणासुद्धा बंद पडलेली असते. अशा वेळी मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. टो करून न्या.

तिसरा प्रकार सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी. चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. अशा गाडीला ‘दिवा नाही म्हणजे सगळं ठीक’ म्हणणारा विक्रेता असेल तर तिथूनच परत फिरा.

२. काय काय जवळ हवं

हत्यारं फार नाहीत:

– डिजिटल मल्टिमीटर, अगदी साधा चालेल.
– हेडलाइटचा एच-४ बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक फिलामेंट उडालेला जुना बल्ब उत्तम. दुसरा फिलामेंट शाबूत असला की झालं. या तपासणीतलं सगळ्यात कामाचं हत्यार हेच.
– मध्ये १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज घातलेली जंपर वायर.
– दहा नंबरचा पाना, फ्यूज ओढायचा चिमटा, टॉर्च, पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे.
– एबीएसचे कोड वाचू शकणारा स्कॅनर, किंवा तो असलेलं गॅरेज.

स्कॅनरबद्दल थोडं सविस्तर. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात. डोंगलने ‘नो फॉल्ट’ दाखवलं तर त्याने एबीएसकडे पाहिलंच नसेल, असं धरून चला. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, द्वारका, कुठल्याही भागातल्या बऱ्यापैकी मल्टिब्रँड गॅरेजमध्ये आता पूर्ण स्कॅनर असतो. फक्त स्कॅनिंगचे पैसे द्या आणि स्क्रीनचे फोटो मागा.

कागद: गाडीचं ओनर्स मॅन्युअल (फ्यूज बॉक्सचा नकाशा त्यात असतो), आरसी बुक किंवा त्याची प्रत (स्पेअर मागवताना चॅसी नंबर लागतो), आधीची जॉब कार्डं, आणि वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीचे कागद. वॉरंटी चालू असेल तर पुढचं फक्त वाचा, हात लावू नका. तुम्ही कपलर उघडल्याचं निमित्त करून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

गाडीच्या नेमक्या मॉडेलचा एबीएस वायरिंग डायग्राम मिळाला तर अर्धं काम झालं. ओळखीच्या मेस्त्रीकडे किंवा स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बऱ्याचदा असतो.

३. हे दोन रिले करतात काय

एबीएसच्या हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये (ब्रेक ऑइलचे पाइप जोडलेल्या धातूच्या ठोकळ्यात) विजेवर उघड-बंद होणारे बारीक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात आणि एक पंप मोटर. व्हॉल्व्हना वीज देणारा एक रिले (याला कुठे सोलेनॉइड रिले, कुठे फेल-सेफ रिले म्हणतात) आणि मोटरला वीज देणारा दुसरा.

चावी ऑन केली की मॉड्यूल व्हॉल्व्ह रिले ओढतो आणि रिलेच्या पलीकडे व्होल्टेज आलं का ते बघतो. नाही आलं की लगेच कोड टाकतो आणि दिवा लावून ठेवतो. म्हणूनच चावी फिरवताक्षणी लागलेला आणि विझलाच नाही असा दिवा व्हॉल्व्ह रिलेच्या मार्गाकडे किंवा मॉड्यूलच्या पुरवठ्याकडे बोट दाखवतो.

मोटरची तपासणी सहसा गाडी हलल्यावर होते. सुरुवात करून साधारण १० ते २० किलोमीटर वेग घेतला की बोनेटखालून क्षणभर ‘घर्र’ असा आवाज येतो, ती मोटरची चाचणी. इथे मॉड्यूल एक छान गोष्ट बघतो. वीज बंद केल्यावर मोटर काही क्षण स्वतःच्या जोरावर फिरते आणि जनरेटरसारखं थोडं व्होल्टेज तयार करते. ते हळूहळू उतरलं तर मोटर मोकळी आहे. एकदम शून्य झालं तर मोटर जाम आहे, असं तो ठरवतो. दिवा आधी नीट विझून कॉलनीच्या गेटबाहेर पडल्यावर पुन्हा लागत असेल तर मोटरच्या मार्गावर किंवा चाकाच्या सेन्सरवर संशय घ्या.

हे निरीक्षण फुकट आहे. गॅरेजला जाण्याआधी दोन-तीनदा करा आणि लिहून ठेवा.

४. तुमच्या गाडीत रिले सुटा आहे का?

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून लोक फ्यूज बॉक्समध्ये एबीएस रिले शोधत बसतात आणि तो तिथे नसतोच.

जुन्या गाड्यांत रिले वेगळा असे. बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस आणलं, त्या पिढीत दोन्ही रिले हायड्रॉलिक युनिटच्या डोक्यावर प्लास्टिकच्या झाकणाखाली बसवलेले असत आणि हाताने उपटून काढता येत. नंतरच्या काही गाड्यांत ते बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये आले. आजच्या बहुतेक गाड्यांत मात्र हे काम मॉड्यूलच्या आतच होतं, छापील सर्किटवर सोल्डर केलेल्या रिलेने किंवा रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विचने. आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं. त्या काळातली तुमची गाडी असेल तर रिले आतच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

ओळखायचं कसं? मॅन्युअलमधला फ्यूज बॉक्सचा नकाशा बघा. एबीएसच्या नावाने फ्यूज आहेत पण रिले नाही, तर रिले आत. मग खालची आठवी पायरी सोडा आणि नवव्या पायरीला जास्त वेळ द्या.

जाता जाता: सातपूरला बॉशचा कारखाना आहे म्हणून ‘एबीएसचा रिले तिथून काढून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. तो कारखाना डिझेल इंजेक्टर आणि नोझलसाठी ओळखला जातो.

५. कोड पुसण्याआधी टिपून घ्या

स्कॅनरवाल्याचा हात सवयीने ‘क्लिअर’ बटणावर जातो. त्याला थांबवा. आधी सगळ्या कोडचे फोटो, आणि प्रत्येक कोडपुढे ‘करंट’ आहे की ‘हिस्टरी’ तेही. करंट म्हणजे दोष आत्ता हजर आहे, हिस्टरी म्हणजे येऊन गेला. हिस्टरीवाल्या दोषावर भाग बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

काही कोड माहीत असलेले बरे. मारुती-सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांत सी-१०६३ हा सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या फेल-सेफ रिलेचा, सी-१०६१ पंप मोटरचा आणि सी-१०५७ मॉड्यूलच्या पुरवठ्याचा. ह्युंदाईत सी-२११२ व्हॉल्व्ह रिलेचा, सी-२४०२ मोटरचा, सी-११०२ कमी व्होल्टेजचा. टोयोटात सी-०२७८ आणि सी-०२७९ सोलेनॉइड रिलेचे, सी-०२७३ आणि सी-०२७४ मोटर रिलेचे. तुमच्या मॉडेलसाठी कोडचा अर्थ स्कॅनरवर शब्दांत येतोच, तो ग्राह्य धरा.

रिलेच्या कोडसोबत पुरवठ्याचा किंवा कमी व्होल्टेजचा कोड आला असेल तर रिले विसरा. आधी पुरवठा शोधा. व्होल्टेजच अपुरं असेल तर रिले बिचारा काय करणार.

नुसता एखाद्या चाकाच्या सेन्सरचा कोड असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. मात्र एक सूचना: नव्या गाड्यांतले सेन्सर ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचे असतात. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरसारखे ते ओहमवर मोजत बसू नका, निष्कर्ष चुकीचा निघतो.

६. बॅटरी

कंटाळवाणी पायरी आहे, पण पाच मिनिटांची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. आणि सेल मारताना मीटर कितीपर्यंत खाली जातो ते दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला सांगून बघा. साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे.

निफाडचा पारा उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या गॅरेजमध्ये सकाळी-सकाळी एबीएसचा दिवा घेऊन आलेल्या काही गाड्यांचं मूळ इथेच असतं. थंडीत थकलेली बॅटरी सेल मारताना इतकी खाली जाते की मॉड्यूल कोड टाकून बसतो, आणि दुपारी गाडी उबदार झाली की दिवा गायब.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारून घट्ट करा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरी काढून ठेवली की एबीएसचा कोड पुसला जाईल या भरवशावर राहू नका. बहुतेक मॉड्यूल तो कायमच्या मेमरीत ठेवतात.

७. फ्यूज: नुसता डोळ्यांनी बघू नका

एबीएसला सहसा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात. मोटरचा मोठा, व्हॉल्व्हचा मोठा (दोन्ही बहुधा २५ ते ४० अँपिअरच्या दरम्यान, बोनेटखाली) आणि चावीच्या पुरवठ्याचा छोटा, कधीकधी डॅशबोर्डखाली. छोटा फ्यूज उडाला तरी मॉड्यूल गप्प होतो, आणि लोक फक्त बोनेटखालचेच बघतात.

फ्यूज जागेवर ठेवूनच मल्टिमीटरने त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज बघा. फ्यूजच्या पाठीवर त्यासाठी दोन उघडे ठिपके असतात. दोन्हीकडे बॅटरीइतकं व्होल्टेज म्हणजे फ्यूज शाबूत (चावीच्या पुरवठ्याचा फ्यूज चावी ऑन करून बघा). काही गाड्यांत मोठे फ्यूज बोल्टने आवळलेले असतात. तो बोल्ट सैल झाला तर फ्यूज अखंड असूनही पुरवठा लंगडा होतो, म्हणून बॅटरी सोडवून तो पान्याने तपासा.

फ्यूज उडालेला सापडला तर त्याच अँपिअरचा नवा घाला. तोही उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. तीसच्या जागी चाळीसचा घालून ‘बघू टिकतो का’ हा प्रयोग वायरिंग जाळतो. बोनेटखाली उंदरांनी वायर कुरतडलेली नाही ना, तेही बघून घ्या. मळ्यात किंवा मोकळ्या प्लॉटशेजारी गाडी लावणाऱ्यांनी तर आधी तेच बघावं.

८. सुटा रिले असेल तर

रिले उपटा. पाठीवर छापलेली आकृती आणि आकडे बघा: ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० वर पुरवठा येतो, ८७ मधून पुढे जातो. पाचवा पाय ८७ए असेल तर रिले सुटलेला असताना ३० त्याला जोडलेला असतो. बॉशच्या त्या जुन्या पिढीत एबीएसच्या दिव्याला अर्थ याच रिलेतून मिळत असे, त्यामुळे रिले न ओढल्यास दिवा आपोआप लागून राही. अशा जुन्या गाडीत मॉड्यूलमध्ये कोड नाही आणि दिवा मात्र पेटलेला, असं दिसलं तर चक्रावू नका.

कॉइल ओहमवर मोजा. १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ६० ते १२० ओहम येतात. अनंत आलं तर कॉइल तुटली, शून्याजवळ आलं तर शॉर्ट. मग ८५-८६ ला बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. काही रिलेंच्या आत डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असतो, म्हणून आकृतीत डायोडची खूण असेल तर प्लस-मायनस उलटं करू नका. ‘टक’ आवाज आला पाहिजे.

‘टक’ ऐकून खूश होणं हा इथला सापळा. काँटॅक्ट जळलेले असले तरी रिले आवाज करतोच. म्हणून रिले ओढलेल्या स्थितीत ३० ला बॅटरीचा प्लस द्या, ८७ मधून एच-४ बल्ब पेटवा आणि बल्ब चालू असताना ३० आणि ८७ च्या मध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या आत हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर रिले गेला.

शेजारच्या हॉर्न किंवा फॅनच्या रिलेशी अदलाबदल करून बघणं सोपं वाटतं आणि चालतंही, पण पार्ट नंबर, पाय आणि अँपिअर तंतोतंत जुळले तरच. दिसायला सारखे दोन रिले आतून वेगळे असू शकतात.

रिले ठीक निघाला तर मोटर रिलेच्या सॉकेटमध्ये, चावी बंद ठेवून, ३० आणि ८७ च्या भोकांना फ्यूजवाली जंपर वायर एक-दोन सेकंदच जोडा. पंप घुरघुरला म्हणजे मोटर आणि तिची वायर चांगली. मग रिले ओढायला सांगणारा मॉड्यूलचा सिग्नलच येत नाही. गप्प राहिला तर मोटर, तिची अर्थ किंवा मधली वायर. हा प्रयोग व्हॉल्व्ह रिलेच्या सॉकेटवर करू नका. आणि जंपर तशीच ठेवून चहा प्यायला तर मुळीच जाऊ नका, ती मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नसते.

९. बल्बची चाचणी

रिले मॉड्यूलच्या आत असेल तर निकाल लावणारी हीच पायरी आहे. घाई असेल तर बाकीच्यांवर कमी वेळ द्या, इथे नको.

मल्टिमीटरने कपलरच्या पिनवर १२ व्होल्ट दिसले की बहुतेक जण ‘पुरवठा ओके, म्हणजे मॉड्यूल गेलं’ असं म्हणतात. इथेच पैसे जातात. मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. केबलची एकच तार शिल्लक असली, बाकी सगळी गंजून गेली असली, तरी तो १२ व्होल्टच दाखवतो. तोटी बंद असताना नळाला पाणी भरपूर आहे असं वाटतं, उघडल्यावर धार कळते, तसं आहे हे. पंप मोटर सुरू होताना मोठा करंट मागते. मार्गात कुठे फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल आणि करंट २० अँपिअरचा असेल तर २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि मॉड्यूल कोड टाकून मोकळा होतो. म्हणून मार्गावर भार टाकूनच मोजायचं, आणि तो भार म्हणजे आपला बल्ब. ५५-६० वॉटचा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो.

क्रम असा. चावी बंद. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काही मिनिटं थांबा. एबीएस मॉड्यूलचं मोठं कपलर बहुधा लिव्हरने लॉक केलेलं असतं. लिव्हर फिरवून ते सरळ ओढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. आता आत बघा. पाणी, हिरवट गंज, वाकलेली किंवा आत सरकलेली पिन दिसली तर फोटो काढा. सर्व्हिसिंगच्या वेळी बोनेटखाली प्रेशरने पाणी मारण्याची आपल्याकडची आवड, आणि घोटी-इगतपुरीकडचा पाऊस, या दोन्हींचा हिशोब इथे दिसतो. काँटॅक्ट क्लीनर मारून सुकू द्या.

कपलर मोकळं ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह परत जोडा. कपलरमधल्या जाड वायरी शोधा. सहसा दोन जाड वायरींवर कायमचा प्लस असतो, एक मोटरसाठी आणि एक व्हॉल्व्हसाठी, आणि एक-दोन जाड वायरी अर्थच्या, बहुधा काळ्या. डायग्रामवरून खात्री करा. बल्ब आणि मल्टिमीटर फक्त याच जाड पिनांवर लावायचा. बारीक वायरी सिग्नलच्या असतात, त्यांवर बल्ब लावलात तर दुसऱ्या टोकाचं काहीतरी जाळून बसाल. मॉड्यूलच्या अंगावरच्या पिनांना तर बॅटरीची वायर कधीच लावायची नाही.

अजून एक काळजी. कपलरच्या भोकात मल्टिमीटरची जाड सुई घुसवली तर आतली पत्ती पसरते आणि चांगलं असलेलं कनेक्शन तुमच्याच हाताने सैल होतं. पिनेच्या मापाची बारीक पत्ती वापरा. वायरीच्या अंगात टाचणी टोचून मोजण्याची पद्धतही सोडा. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी नवीन दोष हजर.

आता बल्ब पहिल्या प्लस पिन आणि अर्थ पिनच्या मध्ये जोडा. बॅटरीला थेट लावल्यावर पडतो तसाच लख्ख प्रकाश हवा. बल्ब पेटलेला असतानाच दोन मापं घ्या:

– बॅटरीचा प्लस ते कपलरची प्लस पिन. हा प्लस बाजूचा तोटा.
– बॅटरीचा मायनस ते कपलरची अर्थ पिन. हा अर्थ बाजूचा तोटा.

प्रत्येक माप ०.२ व्होल्टच्या आत असेल तर समाधानकारक. समजा बॅटरीवर १२.४ आहेत आणि बल्बवर फक्त १०.९ मिळतात, आणि अर्थच्या मापात १.३ दिसतात. मग दोष अर्थच्या बाजूला आहे हे सांगायला कोणी लागत नाही. दुसऱ्या प्लस पिनवर आणि दुसऱ्या अर्थवरही हेच करा. एक मार्ग चांगला आणि दुसरा खराब असं अनेकदा निघतं. चावीवर येणारा बारीक पुरवठा मात्र बल्बने नाही, चावी ऑन करून नुसत्या मल्टिमीटरने बघा.

अर्थचा बोल्ट बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या ट्रेखाली किंवा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर असतो. बॅटरीच्या वाफा आणि पाणी दोन्ही तिथेच. बोल्ट काढा, लग (वायरीच्या टोकाची धातूची चकती) आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं करू नका. मग बल्बची चाचणी पुन्हा.

सगळी मापं चांगली आली, बल्ब लख्ख पेटला, चावीचा पुरवठाही आहे, आणि तरीही कपलर जोडल्यावर कोड ‘करंट’ म्हणून परत येतो? व्हॉल्व्ह रिलेचा कोड असेल तर दोष मॉड्यूलच्या आत आहे, आणि कोटेशन देणारा बरोबर होता. मोटरचा कोड असेल तर युनिटची मोटरही संशयित राहते. कपलर परत लावताना आधी पुन्हा निगेटिव्ह काढायला विसरू नका.

हे करताना डॅशबोर्डखाली किंवा स्टिअरिंगजवळ पिवळी कपलरं दिसली तर त्यांना हात नाही. ती एअरबॅगची.

१०. येतो-जातो असा दोष

दिवा खड्ड्यात लागतो, किंवा इंजिन तापल्यावर लागतो आणि गार झालं की विझतो. सोल्डर तडकल्यावर किंवा पिन सैल झाल्यावर असंच होतं. इंजिन चालू ठेवून, फॅन-बेल्टपासून हात दूर ठेवून, मॉड्यूलकडे जाणारी वायरिंग जागोजागी हलकेच हलवा, दुसऱ्याला मीटरकडे बघायला सांगा. हलवल्यावर दिवा लागला तर जागा सापडली. काहीच झालं नाही तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मॉड्यूलवर हलक्या टिचक्या मारा. त्याने दिवा लागला तर दोष बहुधा आतल्या सोल्डरमध्ये आहे. सुट्या रिलेला हेअर ड्रायरने गरम करून बघता येतं. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात तो खर्चही वाचतो.

११. दुरुस्ती की बदली

अर्थ, फ्यूज, कपलर किंवा सुटा रिले निघाला तर खर्च शेकड्यांत आटोपतो. मॉड्यूल निघालं तरी लगेच पूर्ण युनिट घ्यायची गरज नसते. बऱ्याच डिझाइनमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकपासून स्क्रू काढून वेगळा होतो. ब्रेकचे पाइप उघडावे लागत नाहीत, म्हणून हवा काढायचीही भानगड नाही. हा सुटा भाग दुरुस्त करणारे ईसीएम (गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल) रिपेअरवाले असतात. त्यांना तुमच्या कोडचे आणि बल्ब चाचणीच्या मापांचे फोटो द्या, आणि दुरुस्तीवर किती महिन्यांची वॉरंटी ते बिलावर लिहून घ्या.

सेकंडहँड युनिट घेणार असाल तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. त्याच मॉडेलच्या ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या आणि नसलेल्या गाडीचं युनिट वेगळं असतं. नवीन असो की जुनं, बहुतेक वेळा ते स्कॅनरने गाडीशी जुळवून घ्यावं लागतं, ज्याला गॅरेजवाले कोडिंग म्हणतात. ‘बसवून देतो, कोडिंग बाहेर करून घ्या’ असं ऐकू आलं तर काम तिथे देऊ नका. आणि हायड्रॉलिक ब्लॉक बदलायचा असेल तर ते घरचं काम नाही. ब्रेकची हवा काढताना बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात, नाहीतर पेडल स्पंजसारखं राहतं.

१२. काम झाल्यावर

कोड क्लिअर करा. चावी ऑन, दिवा लागून विझला का बघा. मग गाडी हळू चालवून २०-२५ पर्यंत न्या, काच खाली, रेडिओ बंद, आणि मोटरचा ‘घर्र’ ऐका. परत येऊन पुन्हा स्कॅन करा, कारण कोड मेमरीत आला आणि दिवा अजून लागला नाही असंही होतं.

मगच रस्त्यावरची चाचणी. रविवारी सकाळी सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात. सीटबेल्ट लावा, मागे-पुढे कुणी नाही याची खात्री करा, ३०-४० च्या वेगात सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा. पाय कटकट हलला, पेडल थरथरलं म्हणजे एबीएस काम करतंय. कोरड्या चांगल्या डांबरावर या वेगात कधीकधी चाकं जाम होण्याची वेळच येत नाही आणि काहीच जाणवत नाही. थोडी बारीक खडी असलेल्या सपाट जागी लगेच कळतं. हायवेवर, उतारावर किंवा गंगापूर रोडच्या रहदारीत हा प्रयोग नको.

दोष अर्थचा किंवा कपलरचा निघाला असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा पुन्हा स्कॅन करून घ्या, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर ‘बोनेटखाली पाणी मारू नये’ असं लिहायला सांगा.